धाग्यातला स्फटिक, औषधातला स्फटिक

लालबाग-परळच्या पट्ट्यात मुंबईच्या दोन ओळखी एकमेकींना लागून वाढल्या. एक गिरण्यांची आणि दुसरी रुग्णालयांची. भोंग्यावर जागे होणाऱ्या चाळींच्या या वस्तीत १८९९ पासून आज हाफकिन नावाने ओळखली जाणारी संस्था, १९२६ पासून केईएम आणि १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. गिरणीत कापसाचा धागा निघत होता, रुग्णालयात औषधाची गोळी दिली जात होती. वरकरणी या दोन जगांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र धागा मजबूत का असतो आणि गोळी नेमकी कुठे जाऊन लागू पडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे विज्ञानाने एकाच मार्गाने मिळवली. क्ष-किरण स्फटिकशास्त्र हा तो मार्ग. रेणूमधील प्रत्येक अणू कोणत्या जागी बसला आहे, हे सांगणारी ही विद्या आहे आणि तिच्या साक्षीवर कर्करोगाच्या एका औषधाचा निवाडा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

भिंग का चालत नाही?

एखादी वस्तू दिसण्यासाठी तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी त्या वस्तूच्या मानाने फार मोठी असून चालत नाही. समुद्राची मोठी लाट पाण्यात रोवलेल्या काठीला ओलांडून तशीच पुढे जाते, काठीची खूण लाटेवर उरत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. रेणूतील दोन शेजारी अणूंमधले अंतर मात्र ०.१ ते ०.३ नॅनोमीटर इतकेच भरते. म्हणजे प्रकाशाची लाट अणूंमधील अंतराच्या हजारो पट मोठी ठरते. सूक्ष्मदर्शकाचे भिंग कितीही उत्तम असले तरी त्या प्रकाशात अणू दिसणे शक्य नाही.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या जवळपास असते. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या क्ष-किरणनलिकेतून ०.१५४ नॅनोमीटरचे किरण मिळतात. लाट योग्य मापाची मिळाली, पण दुसरी अडचण उभी राहिली. रेणूवरून विखुरलेले हे किरण पुन्हा एकत्र आणून अणूंची प्रतिमा उमटवील असे भिंग उपलब्ध नाही. त्यामुळे भिंगाचे काम गणिताला करावे लागते. किरण कोणत्या दिशेला किती प्रमाणात विखुरले हे मोजायचे आणि त्यावरून मूळ वस्तू उभी करायची, असा हा उलटा प्रवास आहे.

एकट्या रेणूवरून विखुरणारे किरण इतके क्षीण असतात की ते मोजणे कठीण, शिवाय त्या किरणांच्या माऱ्याने रेणूच मोडून पडतो. म्हणून स्फटिक हवा. स्फटिकात अब्जावधी एकसारखे रेणू एकाच शिस्तीने, ठरावीक अंतरावर, रांगांमागे रांगा लावून बसलेले असतात. प्रसादाच्या खडीसाखरेच्या खड्याला सपाट पैलू पडतात, ते या आतल्या शिस्तीमुळेच. सारे रेणू एकाच वेळी एकच गोष्ट सांगू लागले की त्यांचा क्षीण आवाज ऐकू येण्याजोगा होतो.

छत्रीचे कापड आणि मोरचूद

या पद्धतीचे मर्म समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. रात्री दूरवरच्या दिव्याच्या एका बिंदूकडे तलम, घट्ट विणीच्या छत्रीच्या कापडातून पाहिले, तर एका दिव्याच्या जागी ठिपक्यांची फुली दिसते. उभ्या आणि आडव्या धाग्यांमधील बारीक फटींतून आलेल्या प्रकाशलहरी काही दिशांना एकमेकींना बळ देतात आणि काही दिशांना एकमेकींना नाहीसे करतात. यालाच विवर्तन म्हणतात. कापड फिरवले की फुलीही फिरते. वीण जितकी तलम, तितके ठिपके एकमेकांपासून दूर जातात. म्हणजे दिवा आणि ठिपके एवढेच पाहून, कापडाला हात न लावता, ताण्या-बाण्यातले अंतर सांगता येते.

स्फटिक हे अणूंनी विणलेले, लांबी-रुंदीबरोबर खोलीही असलेले कापडच होय. मॅक्स फॉन लाऊए यांनी १९१२ साली म्युनिकमध्ये ही कल्पना मांडली आणि वॉल्टर फ्रीडरिश व पॉल क्निपिंग यांनी ती प्रयोगाने पडताळली. त्यासाठी त्यांनी पहिल्यांदा घेतलेला स्फटिक होता मोरचुदाचा. या निळ्या खड्यातून क्ष-किरणांची शलाका जाऊ दिल्यावर मागे ठेवलेल्या छायाचित्रपट्टिकेवर ठिपके उमटले. क्ष-किरण लहरींसारखे वागतात आणि स्फटिकातील अणू रांगेत असतात, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात सिद्ध झाल्या.

त्या ठिपक्यांचा अर्थ लावण्याचे सोपे सूत्र त्याच वर्षी अवघ्या बावीस वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅग यांनी दिले. स्फटिकातील अणूंचे थर म्हणजे एकाखाली एक ठेवलेले आरसे, असे त्यांनी मानले. वरच्या थरावरून परतलेली लाट आणि खालच्या थरावरून परतलेली लाट यांच्या प्रवासातला फरक पूर्ण तरंगलांबीच्या पटीत असेल तरच त्या दोघी पाऊल जुळवून बाहेर येतात आणि तेजस्वी ठिपका उमटतो. किरणांची तरंगलांबी ठाऊक असते, ठिपक्याचा कोन मोजता येतो. त्यावरून थरांमधील अंतर काढणे हे शाळकरी त्रिकोणमितीचे गणित ठरते.

लॉरेन्स आणि त्यांचे वडील विल्यम ब्रॅग यांनी ही पद्धत साध्या मिठाला लावली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना धक्का बसला. मिठात सोडियम आणि क्लोरीन यांच्या स्वतंत्र जोड्या असतील अशी तोवरची समजूत होती. प्रत्यक्षात तशी जोडी कुठेच नव्हती. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी अखंड मांडणी दिसून आली. १९१५ चे नोबेल पारितोषिक या पितापुत्रांना मिळाले, तेव्हा लॉरेन्स पंचवीस वर्षांचे होते.

हरवलेला ताल

मिठासारख्या सोप्या पदार्थात अंदाजाने उत्तर सापडते. शेकडो किंवा हजारो अणूंच्या रेणूत मात्र एक मोठी अडचण आडवी येते. पट्टिकेवरचा प्रत्येक ठिपका किती ठळक आहे हे मोजता येते, पण ती लाट इतर लाटांच्या तुलनेत पुढे होती की मागे, याची नोंद पट्टिकेवर होत नाही. लाटेच्या या स्थितीला भौतिकशास्त्रात कला म्हणतात.

ही अडचण किती मूलभूत आहे, हे ढोल-ताशाच्या उदाहरणाने ध्यानात येईल. पथकातल्या प्रत्येक वादकाने किती जोराने टिपरू मारले याची तंतोतंत यादी हाती आहे, पण कोणी कोणत्या क्षणी मारले हे त्यात लिहिलेले नाही. अशा यादीवरून मिरवणुकीत घुमलेला ताल पुन्हा उभा करता येणार नाही. स्फटिकशास्त्रज्ञाला नेमका हा हरवलेला ताल शोधावा लागतो.

त्यासाठी निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. स्फटिकात पाऱ्यासारखा जड अणू ठरावीक जागी बसवला, तर ठिपक्यांच्या ठळकपणात पडणाऱ्या फरकावरून कला ओळखता येते. मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ साली हिमोग्लोबिनसाठी ही वाट मोकळी केली आणि जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना दाखवली. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. लहान रेणूंसाठी ठिपक्यांच्या ठळकपणातील परस्परसंबंधांवरूनच कला काढण्याचे गणित हर्बर्ट हाउप्टमन आणि जेरोम कार्ल यांनी बसवले, त्यांचा गौरव १९८५ साली झाला. मिळतीजुळती रचना आधीपासून ठाऊक असेल तर तिच्यापासून सुरुवात करणे, ही तिसरी आणि आज सर्वाधिक वापरात असलेली रीत.

डोरोथी हॉजकिन यांनी याच मार्गाने १९४५ साली पेनिसिलिनची, पुढे बी-१२ जीवनसत्त्वाची आणि १९६९ साली इन्शुलिनची रचना उलगडली. इन्शुलिनच्या कामाला त्यांच्या आयुष्यातली तीसहून अधिक वर्षे द्यावी लागली, यावरून या विद्येला लागणाऱ्या चिकाटीची कल्पना यावी.

कापसाच्या तंतूत काय दडले आहे?

लालबागच्या पूर्वेला कॉटन ग्रीनची गोदामे, पश्चिमेला आणि उत्तरेला गिरण्यांची धुराडी. या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी असलेला कापसाचा तंतू हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो घटक एकापुढे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. साखरेच्याच घराण्यातले हे घटक पाण्यात विरघळत कसे नाहीत आणि त्यांच्यापासून वर्षानुवर्षे धुतले जाणारे धोतर कसे विणता येते, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर बराच काळ मिळाले नव्हते.

तंतू हा खडीसाखरेसारखा स्वच्छ पैलूदार स्फटिक नव्हे. तरीही जपानमध्ये निशिकावा आणि ओनो यांनी १९१३ साली वनस्पतींच्या तंतूंवर क्ष-किरण सोडले, तेव्हा विवर्तनाची आकृती उमटली. तंतूत स्फटिकमय भाग असल्याचा तो पुरावा होता. मात्र ठिपक्यांऐवजी तेथे कमानी दिसतात. सूक्ष्म स्फटिक तंतूच्या दिशेने लांबट पसरलेले असतात, पण ते सगळेच अगदी सरळ नसतात, थोडेथोडे कललेले असतात. त्यांच्या कलण्याने प्रत्येक ठिपका ओढला जाऊन कमान तयार होते.

या कमानीत गिरणीच्या उपयोगाची माहिती असते. कापसाच्या तंतूच्या भिंतीत सेल्युलोजच्या बारीक दोऱ्या नागमोडी जिन्याप्रमाणे फिरत जातात, काही अंतरावर त्यांच्या फिरण्याची दिशाही उलटते. जिना जितका उभा, म्हणजे दोऱ्या तंतूच्या अक्षाला जितक्या समांतर, तितकी कमान आखूड आणि तंतू बळकट. जिना पसरट असेल तर कमान लांबते आणि तंतू ताणाखाली लवकर तुटतो. कापूस पारखणारा अनुभवी माणूस बोटांत तंतू धरून जे सांगतो, त्याचे एक मोजता येणारे कारण असे फिल्मवर दिसते.

या मोजमापाची भारतातली महत्त्वाची जागा लालबागहून फार दूर नाही. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने १९२४ साली माटुंग्याला कापसाच्या तांत्रिक संशोधनाची प्रयोगशाळा सुरू केली. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, अर्थात 'सिरकॉट' या नावाने ओळखली जाते. नव्या वाणाच्या कापसापासून किती बारीक सूत निघेल, हे शेतकऱ्याने तो मोठ्या प्रमाणावर पेरण्याआधीच सांगता यावे, हा तिच्या स्थापनेमागचा व्यावहारिक हेतू होता. तंतूची लांबी, बारीकपणा, ताकद यांच्या मोजणीसोबत तेथे तंतूच्या अंतर्रचनेचाही अभ्यास झाला. तेथील परळीकर आणि बेट्राबेट यांनी भट यांच्यासमवेत कापसातील सेल्युलोजची स्फटिकरचना इलेक्ट्रॉन विवर्तनाने तपासली आणि १९७९ साली ते काम स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इलेक्ट्रॉन विवर्तन हे क्ष-किरण पद्धतीचेच भावंड. तत्त्व तेच, फक्त किरणांऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत.

सेल्युलोजमधील साखळ्या एकमेकींच्या शेजारी कशा बसतात, यावर मोठा वाद झाला. मेयर आणि मिश यांनी १९३७ साली सुचवलेल्या रचनेत शेजारच्या साखळ्यांची तोंडे विरुद्ध दिशांना होती. १९७४ साली दोन स्वतंत्र गटांनी सर्व साखळ्यांची तोंडे एकाच दिशेला असल्याचे दाखवले. अखेर निशियामा, लँगन आणि शान्झी यांनी २००२ साली क्ष-किरण आणि न्यूट्रॉन या दोन्हींचा वापर करून हायड्रोजनच्या जागांसकट चित्र पूर्ण केले. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनपाशी एकच इलेक्ट्रॉन असतो, म्हणून त्याच्यासाठी न्यूट्रॉनची मदत घ्यावी लागली.

या चित्रात साखळ्या शेजारीशेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी जोडल्या जातात आणि त्यांचे सपाट पापुद्रे बनतात. पापुद्र्यांवर पापुद्रे रचून घट्ट स्फटिक तयार होतो, त्यात पाण्याला शिरायला जागा नसते. पाणी शिरते ते स्फटिकांच्या मधल्या ढिल्या भागात. तिथला ताण सैल होतो आणि भार सगळीकडे समान वाटला जातो. सुती कापड ओले झाल्यावर कमजोर न होता उलट बळकट होते, याचे स्पष्टीकरण यात आहे. धोबीघाटावरच्या दगडावर आपटलेले सुती कपडे टिकतात, पण तशाच सेल्युलोजपासून बनलेले व्हिस्कोजचे कापड ओलेपणी नाजूक होते. रसायन एकच, अंतर्गत मांडणी वेगळी.

मर्सराइज्ड कापडाचे रहस्य

मांडणी बदलली की गुण बदलतात, याचे गिरणीतले ठळक उदाहरण म्हणजे मर्सराइज्ड कापड. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी १८५० साली सुती कापड तीव्र कॉस्टिक सोड्यातून काढण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. या कापडावर रंग अधिक खुलतो आणि ते ताणून धरून प्रक्रिया केली की रेशमासारखी झळाळी येते. कारागिरांना परिणाम दिसत होता, कारण मात्र क्ष-किरणांनी सांगितले.

तांब्याच्या नलिकेचे किरण वापरल्यास मूळ कापसाचा सर्वांत ठळक पट्टा सुमारे २२.७ अंशांवर येतो. ब्रॅग यांच्या सूत्राने हिशेब केल्यास पापुद्र्यांमधील अंतर ०.३९ नॅनोमीटर निघते. मर्सरायझेशननंतर हा पट्टा ओसरतो आणि सुमारे १२, २० आणि २२ अंशांवर नवे पट्टे उगवतात. म्हणजे सोड्याने तंतू नुसता फुगत नाही, त्यातला स्फटिक मोडून दुसराच स्फटिक घडतो. या दुसऱ्या रूपात शेजारच्या साखळ्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. तो एकदा बनला की मूळ रूप परत येत नाही, इतका तो स्थिर असतो. कापडाच्या चिमूटभर भुकटीवरून प्रक्रिया पूर्ण झाली की अर्धवट राहिली, हे याच पट्ट्यांवरून तपासता येते.

लोकरीपासून डीएनएपर्यंत

कापडउद्योगाने या विद्येला जे दिले त्याचे सर्वांत मोठे फळ कापडाच्या बाहेर मिळाले. इंग्लंडमधील लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तेथील विद्यापीठात १९२८ पासून विल्यम ॲस्टबरी लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरण सोडत होते. लोकर ताणली की तिच्या प्रथिनाची घडी उलगडते, हे त्यांनी दाखवले. तंतू अभ्यासण्याची हीच रीत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी फ्लॉरेन्स बेल यांनी डीएनएला लावली आणि १९३८ साली त्यातील ०.३४ नॅनोमीटरचे पुन्हा पुन्हा येणारे अंतर नोंदवले. रचना त्यांच्या हाती लागली नाही, पण दार किलकिले झाले.

पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२ साली डीएनएच्या तंतूचे अतिशय स्पष्ट छायाचित्र घेतले. त्यातली फुलीच्या आकाराची मांडणी पेचदार जिन्याची निदर्शक होती. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी पेचाची रचना मांडली. १९५८ साली अकाली निधन झालेल्या फ्रँकलिन यांचे नाव १९६२ च्या नोबेलमध्ये नव्हते. भारतातही याच सुमारास, १९५४-५५ मध्ये, मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कातडी आणि स्नायूबंधांत आढळणाऱ्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची तिपेडी रचना सांगितली. धागा समजून घेण्याची ओढ अशी जीवशास्त्राच्या गाभ्यापर्यंत पोहोचली.

कुलूप दिसले, किल्लीचा दोष कळला

परळच्या रुग्णालयांत देशभरातून येणाऱ्या रुग्णांमध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण असतात. या आजारात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक विकृत प्रथिन तयार होते. पेशींना विभाजनाचा हुकूम देणारे हे प्रथिन सतत चालू राहते, त्याचे बटण बंदच होत नाही. इमॅटिनिब हे औषध या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचे काम थांबवते. अमेरिकेत २००१ साली त्याला मान्यता मिळाली आणि एक प्राणघातक आजार रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला.

हे औषध प्रामुख्याने रसायनशास्त्रज्ञांच्या मेहनतीतून घडले, स्फटिकाचे चित्र पाहून नव्हे. मात्र मानवी शरीरात या प्रकारची शेकडो प्रथिने असताना औषध नेमके यालाच कसे पकडते, हे कोडे होते. जॉन कुरियन यांच्या गटाने २००० साली प्रथिन आणि औषधाच्या एका भावंड-रेणूचा एकत्र स्फटिक बनवून ते सोडवले. प्रथिन विश्रांतीच्या अवस्थेत असताना त्याचा आकार वेगळा असतो आणि औषध त्या अवस्थेतल्या खाचेत शिरते, असे दिसले. चालू अवस्थेत ही प्रथिने एकमेकांसारखी असली तरी विश्रांतीत ती निरनिराळी असतात, म्हणून औषधाची निवड इतकी नेमकी ठरते.

काही रुग्णांत औषध चालेनासे होते, त्याचेही एक कारण या चित्रावरून स्पष्ट झाले. प्रथिनातील ३१५ व्या जागेवर थ्रिओनिनऐवजी आयसोल्यूसिन हे थोडे मोठे अमिनो आम्ल आले की औषधाचा एक बंध तुटतो आणि खाचेत अडसर उभा राहतो. हा अडसर टाळून जाईल असा सरळ, चिंचोळा दुवा रेणूत घालून पोनॅटिनिब हे औषध तयार केले गेले आणि २०१२ साली अमेरिकेत मंजूर झाले. येथे मात्र कुलपाचे चित्र समोर ठेवूनच किल्ली घासली गेली.

एकच औषध, दोन स्फटिक

इमॅटिनिबच्या कथेत स्फटिकाचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो आणि तो थेट रुग्णाच्या खिशाशी आहे. गोळीतील औषध हेही स्फटिकच असते. एकाच प्रकारचे रेणू वेगवेगळ्या तऱ्हांनी रचले जाऊ शकतात. हिरा आणि शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट हे दोन्ही कार्बनच, तसाच हा प्रकार. औषधाच्या स्फटिकाचे रूप बदलले तर त्याचे विरघळणे, ओलावा धरणे, यंत्रातून सहज वाहणे हे गुण बदलतात. १९९८ साली एचआयव्हीवरील रिटोनाव्हिरमध्ये अचानक कमी विरघळणारे नवे स्फटिकरूप उद्भवले आणि त्याच्या कॅप्सूल थांबवाव्या लागल्या. औषधाच्या भुकटीवर क्ष-किरण सोडून मिळणारी पट्ट्यांची मालिका ही त्या रूपाची बोटांच्या ठशांसारखी ओळख असते.

नोव्हार्टिस कंपनीने १९९८ साली इमॅटिनिब मेसिलेटच्या 'बीटा' स्फटिकरूपासाठी चेन्नईत पेटंटचा अर्ज केला. आधीच्या सुईसारख्या 'अल्फा' स्फटिकांपेक्षा बीटा रूप अधिक स्थिर आहे, ओलावा कमी धरते आणि अधिक सहज वाहते, असा दावा होता. भारतीय पेटंट कायद्याचे ३(ड) हे कलम सांगते की, आधीच ज्ञात असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला त्याची परिणामकारकता वाढल्याखेरीज पेटंट देता येत नाही. अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार रुपये, अशी तुलना या लढ्यात पुढे आली. बहुसंख्य रुग्णांना आपण हे औषध मोफत देतो, असे कंपनीचे म्हणणे होते.

२००६ साली अर्ज फेटाळला गेला आणि प्रकरण वर वर चढत गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, असा अर्थ न्यायालयाने लावला. चांगले वाहणे, ओलावा कमी धरणे, साठवणीत टिकणे हे गुण उपयुक्त असले तरी ते रोग अधिक बरा करत नाहीत. पेटंट नाकारले गेले. बीटा स्फटिक खरोखर वेगळा आहे, याविषयी वाद नव्हता, ते क्ष-किरणांनी सांगितलेच होते. तो वेगळेपणा रुग्णाच्या कामाचा आहे का, हा प्रश्न विज्ञानाने मोजून दिलेल्या पुराव्यापुढे कायद्याला सोडवावा लागला. देशात रास्त दरात मिळणाऱ्या इमॅटिनिबचा मार्ग त्यामुळे खुला राहिला.

आजचे चित्र

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लालबागच्या आकाशात धुराड्यांची जागा उंच इमारतींनी घेतली. संशोधनाचे धागे मात्र तुटले नाहीत. परळला १९५२ साली सुरू झालेले कर्करोग संशोधन केंद्र २००२ साली 'ॲक्ट्रेक' या नावाने खारघरला गेले. तेथे कर्करोगाशी संबंधित प्रथिनांचे स्फटिक बनवून त्यांच्या रचना शोधल्या जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या 'इंडस-२' या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांसाठी खास क्ष-किरण केंद्र उभारले. वर्तुळात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तेथे प्रखर किरण मिळतात आणि साध्या नलिकेसमोर काहीच न सांगणारा बारीक स्फटिकही बोलू लागतो.

जगभरात सापडलेल्या रचना १९७१ साली स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत जमा होतात आणि कोणालाही विनामूल्य पाहता येतात. सुरुवातीला त्यात जेमतेम सात रचना होत्या, २०२३ मध्ये त्यांनी दोन लाखांचा टप्पा ओलांडला. त्यातील बहुतांश क्ष-किरणांनीच उलगडलेल्या आहेत. स्फटिक न बनवता प्रथिने पाहणाऱ्या शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला २०१७ चे आणि प्रथिनांच्या आकाराचे भाकीत करणाऱ्या संगणकीय पद्धतीला व प्रथिनांच्या संगणकीय आरेखनाला २०२४ चे नोबेल मिळाले. संगणकाचे हे भाकीत शक्य झाले ते या बँकेतील हजारो प्रयोगसिद्ध रचना त्याला शिकण्यासाठी मिळाल्यामुळे. नव्या औषधाचा रेणू खाचेत नेमका कसा बसला, कोणता बंध जुळला आणि कोणता सुटला, याची खात्री करून घ्यायची असेल तर अजूनही बहुतेक वेळा स्फटिकालाच विचारावे लागते.

मोरचुदाच्या निळ्या खड्यापासून सुरू झालेल्या या विद्येने कापसाचे बळ, कापडाची झळाळी आणि कर्करोगाच्या गोळीचे काम, सारे एकाच भाषेत वाचून दाखवले. ज्या वस्तीने धागा पिंजला आणि आज जिथे दूरदूरचे रुग्ण त्या गोळीसाठी येतात, त्या लालबाग-परळला या शास्त्राची ओळख असणे म्हणूनच अगत्याचे आहे.